गुडघ्याला लावलेली खळ

धान कापून झालं, की आमच्या भंडारा जिल्ह्यात गावोगाव कबड्डीच्या शिट्ट्या सुरू होतात. दिवाळी सरलेली असते, मंडया म्हणजे गावोगावच्या जत्रा भरायला लागलेल्या असतात, आणि एका गावची मंडई उठते न उठते तोच शेजारच्या गावात चुन्याच्या रेषा पडतात. धानाच्या रिकाम्या बांध्यांतून तणसाचा, म्हणजे पेंढ्याचा, वास येतो. सकाळी हातपाय गार असतात आणि दुपारी ऊन पाठीवर बसतं. हा मोसम मला फार आवडतो असं मी सगळ्यांना सांगते. शाळेत खेळ शिकवणाऱ्या बाईनं दुसरं काय सांगायचं? खरं म्हणजे शिट्टी वाजली, की मी जळायला लागते. वर्षभर बरी असते मी. याच दोन महिन्यांत माझं काहीतरी बिघडतं.

त्याला कारण पुण्याहून येणारं एक खोकं. रश्मी पाठवते. रश्मी माझी कॉलेजातली मैत्रीण. पुण्यात एका कारखान्यात खेळाडूंच्या अंगावरच्या संरक्षक कपड्यांचं काम करते. गुडघा, कोपर, खांदा, जिथं म्हणून माणूस आपटतो तिथं काय लावावं, हे शोधण्याचा तिला पगार मिळतो. दर वर्षी ती माझ्या शाळेतल्या मुलींसाठी गुडघ्याची आठ जोड पॅडं पाठवते. करंगळीएवढी जाड, आतून पोळ्यासारखी खणाखणांची. अंगठ्यानं हळू दाबलं तर अंगठा खुशाल आत जातो. तेच मूठ वळून मारलं, तर मूठ पाट्यावर आपटावी तशी परत येते. मुली दिवसभर त्यांच्याशी खेळतात. एकमेकींच्या गुडघ्यावर बुक्क्या मारतात आणि खिदळतात.

खोक्यात नेहमी एक चिठ्ठी असते. माझ्यासाठी दोन ओळी, आणि खाली, काकाजींना नमस्कार सांग. काकाजी म्हणजे माझे बाबा. तो नमस्कार मी दोन-तीन दिवस उशिरानं सांगते. सांगते, पण उशिरानं. एवढं मला स्वतःसाठी लागतं.

नमस्कार सांगितला, की बाबा विचारतात, "तिचा गुडघा कसा हाये आता?"

दर वर्षी हाच प्रश्न. मग मी फोन लावून देते. फोन कानाला लावताच ते आधी म्हणतात, "बाई, चूक झाली माह्यावाली," आणि पलीकडून रश्मी म्हणते, "काकाजी, किती वर्षं तेच ते." माझ्या दोन्ही गुडघ्यांवर खरचटल्याचे काळे डाग आहेत, डावा तर जिना चढताना वाजतो. पण माझा गुडघा कसा आहे असं बाबांनी कधी विचारलेलं नाही. आणि एकट्या रश्मीच्याच गुडघ्याचं त्यांच्या मनावर ओझं का, याचं खरं कारण त्यांना माहीत नसलं, तरी मला माहीत आहे. म्हणूनच जास्त चडफडाट होतो.

तो मोसम आठवायचा म्हटला, तर आधी खळीचा वास येतो. आमची गल्ली कोष्ट्यांची. भंडाऱ्यात तेव्हा आमच्या ओळीत नऊ माग चालत होते. ताणा विणायला घेण्याआधी त्याची पाजणी व्हायची. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सूत ताणून धरायचं, कुंच्यानं तांदळाची शिजवलेली खळ फिरवायची, आणि उन्हात सुकवायचं. खळ लागली की लोळागोळा झालेलं सूत शहाण्यासारखं ताठ होतं. बाबांचा सगळा संसारच त्या खळीवर. घरात काही ढिलं पडलं, की त्यांचा हात आपोआप कुंच्याकडे जायचा. आईच्या साड्या, माझ्या शाळेच्या फिती, एकदा तर त्यांनी माझ्या चित्रांच्या वहीचं पुठ्ठ्याचं कव्हर खळ लावून सरळ केलं होतं.

मी कॉर्नरला खेळायची. चढाई करणारी आत आली, की झेप घेऊन तिचा घोटा पकडायचा. घोटा हाती लागो न लागो, आपला गुडघा जमिनीवर आपटायचाच. आमचं मैदान मातीचं, त्यात खडे. बाबांनी मला पॅडं करून दिली होती. कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, कापडाचे उरलेले तुकडे, मधे मधे आईच्या जुन्या लुगड्याचे पट्टे, अकरा थर, आणि वरून गोधडीसारखे बारीक टाके. "कोसा हाये. फाटन नाही," एवढंच ते म्हणाले. फाटलं नाहीच. पण पहिल्या डावात ते घामानं ओलं व्हायचं आणि दुसऱ्या डावात घसरून पोटरीवर यायचं. मार थोडा कमी लागायचा, हे खरं. पण पोरींनी माझं नाव गोधडी ठेवलं, आणि ते नाव गुडघ्याच्या डागांपेक्षा जास्त टिकलं.

रश्मी जवाहरनगरची. तिचे वडील फॅक्टरीत, घर क्वार्टरमध्ये, येणं-जाणं बसनं. तिचे केस नीट, डबा नीट, जोडे नीट. खेळायची तीही कॉर्नरलाच. सुरुवातीला माझ्याइतकीच, खरं तर माझ्याहून थोडी कमीच. मग दिवाळीच्या सुट्टीत तिचा भाऊ पुण्याहून आला. तो मोटारसायकलवाल्यांच्या जॅकेटमध्ये कोपराला जे घालतात त्याच्या कामावर होता. येताना त्यानं कापून उरलेले दोन तुकडे आणले. फिकट निळे, मऊ, खणाखणांचे, हातात घेतले तर लोंबकळणारे.

रश्मीनं ते मला पहिल्यांदा वर्गात दाखवले. बाकावर स्वतःचं बोट ठेवलं, त्यावर तो तुकडा ठेवला आणि म्हणाली, "मार डबा."

"लागन न वो."

"मार तं खरी."

मी माझा स्टीलचा डबा उचलला आणि मारला. लागतो तेवढ्या जोरानं नाही, त्याहून जास्त जोरानं. डब्याची कड चेपली. रश्मीनं बोट काढून हलवून दाखवलं. काही झालं नव्हतं. ती हसत होती आणि मला चेपलेल्या डब्याचं नाही, त्या न चेपलेल्या बोटाचं वाईट वाटत होतं. त्या वयातही मला ते कळलं होतं, आणि मी हसले होते.

मग तिनं समजावून सांगितलं. धानाच्या राशीत हात हळू घातला तर कोपरापर्यंत जातो ना? आणि तीच रास वरून थापडली तर हाताला झिणझिण्या येतात. तसंच हे. आतले कण हळू हलवले तर एकमेकांना वाट देतात, अचानक मार बसला की एकमेकांना धरून उभे राहतात, आणि मार गेला की पुन्हा मोकळे. "म्हनून हे नरमच राहाले पायजे. गुडघ्याले चिपकून. कडक झालं का कामातून गेलं." तिनं हे मला दोनदा सांगितलं. दोनदा, हे मी मुद्दाम लिहिते आहे.

त्यानंतर तिचं पडणं पाहण्यासारखं झालं. आम्ही सगळ्या झेप घेताना शेवटच्या क्षणी थोडं अंग चोरायचो, ती चोरायची नाही. जमीन जणू तिच्या घरची. सर म्हणाले, "रश्मीले भीतीच नाही उरली." मला ओरडून सांगावंसं वाटायचं, की भीती उरली नाही म्हणजे काय, ते धाडस पुण्याहून कापून आणलं आहे. माझी भीती मी अकरा थर कोशात बांधून रोज मैदानात नेते, तिचं कौतुक कोणी करत नाही. जिल्ह्याच्या संघात उजव्या कॉर्नरची एकच जागा होती. सानगडी गावच्या सामन्यात ती ठरणार होती.

सामन्याच्या चार दिवस आधी रश्मीच्या पॅडांचं कापडी कव्हर उसवलं. ती बसथांब्यावर जाण्याआधी आमच्या घरी आली आणि तुकडे बाबांच्या हातात दिले. "काकाजी, तुम्हीच शिवून द्या. गोधडीचे पॅड पाहाले मी, एक टाका तुटत नाही." बाबा इतके खूश झाले की विचारू नका. माझी पॅडं त्यांनी उरल्यासुरल्या चिंध्यांची केली होती. हिच्यासाठी त्यांनी नवा कोसा काढला, मापं दोनदा घेतली, आणि टाके असे घातले की आई म्हणाली, लग्नाचा शेला शिवून राहिले का? मी दारात बसून चुरमुरे खात होते. एकेका टाक्याबरोबर माझ्या आत काहीतरी ओढलं जात होतं.

दोन दिवसांनी गल्लीत पाजणी होती. ऊन कडक, खळीचं पातेलं भरलेलं. बाबांनी शिवून झालेली पॅडं हातात घेतली, दाबली, लोंबकळत धरली, आणि त्यांच्या कपाळावर आठी आली.

"हे तं अगदीच लिबलिबित पडले. एवढी मोठी मॅच, अन् पोट्टी असे बांधून खेळन?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, थोडी खळ लावून देऊ का? बराबर राहीन ना?"

तोंडात चुरमुरे होते. ते गिळायला लागतो तेवढाच वेळ मी घेतला.

"बराबर राहीन, बाबा," मी म्हणाले.

त्यांनी ताण्याला लावतात तशी मन लावून खळ लावली. उलटून-पालटून, कापडातून आतल्या खणांत मुरेपर्यंत, तीन हात. मग सुताच्या शेजारी उन्हात ठेवली. संध्याकाळी ती पॅडं पापडासारखी खणखणीत झाली होती. बाबांनी ती बोटानं वाजवून पाहिली आणि समाधानानं मान हलवली. मी अभ्यासाला बसले आणि त्या दिवशी माझा अभ्यास चांगला झाला. हे असं होतं. वाईट वागल्यावर जेवण जात नाही, अभ्यास होत नाही, हे सगळं नंतर सांगायचं असतं.

सानगडीला आमची गाडी उशिरा पोचली. लोक मैदानाभोवती जमलेले, पहिली शिट्टी झालेली. मी रश्मीला पिशवी दिली. तिनं पॅड दाबून पाहिलं आणि माझ्याकडे बघितलं.

"हे असं कडक काहून झालं?"

मी काही बोलण्याआधीच ती पट्ट्या बांधायला वाकली. "जाऊ दे. काकाजीनं केलं, तं बराबरच असन."

तिसऱ्या चढाईला तिनं झेप घेतली. नेहमीसारखीच, अंग न चोरता. ताठ झालेलं पॅड गुडघ्याला धरून बसलंच नव्हतं. ते बाजूला सरकलं आणि गुडघा उघडा आपटून आत वळला. आवाज फार मोठा झाला नाही. सुपारी फुटावी एवढाच. ती रडली नाही, फक्त पॅड काढून हातात धरून बसली. खळीचा एक तुकडा सुटून मातीत पडला होता. सरांनी मला आत बोलावलं. मी गोधड्या आवळून बांधल्या, आत गेले, आणि त्या दिवशी चार घोटे पकडले. असं मी आधी कधी खेळले नव्हते आणि नंतरही खेळले नाही.

जागा मला मिळाली. त्या जागेवरून पुढचे सामने, प्रमाणपत्रं, आणि त्यावरून ही शाळेतली नोकरी. रश्मीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, खेळ सुटला. बाबांना कळलं तेव्हा ते पाजणी अर्धी सोडून सायकलनं जवाहरनगरला गेले. परत आले ते सायकल हातात धरून, चालत. आईला एवढंच म्हणाले, "माह्या हातानं झालं." मी आतल्या खोलीत होते. भिंत पातळ होती, सगळं ऐकू आलं. मला तेव्हा वाटलं, उद्या सांगू.

आणि पुढं काय झालं पाहा. पलंगावर पडून पडून रश्मी त्या तुकड्याच्याच मागं लागली. काहून कडक झालं, खणांत काय भरलं, ऊन लागल्यानं काय होतं, हे भावाला विचारत सुटली. त्याच विषयाचं शिकली, पुण्याला गेली. आता तिच्याकडे एक यंत्र आहे, वरून वजन सोडायचं आणि खालच्या पॅडनं किती मार गिळला ते मोजायचं. फोनवर बोलताना मागून त्याचा धप्प असा आवाज येत असतो. मी तिचा गुडघा घेतला, तर तिनं त्यातून हजार गुडघ्यांचं भलं केलं. माझ्याच शाळेतल्या मुली तिच्यामुळे अंग चोरत नाहीत. त्या पडतात, उठतात, माती झटकतात, आणि त्यांचे गुडघे कसे स्वच्छ असतात. मी त्या गुडघ्यांवरही जळते. पोरीबाळींच्या गुडघ्यांवर जळणारी शिक्षिका दुसरी कुठे असेल असं वाटत नाही.

यंदाचं खोकं गेल्या आठवड्यात आलं. बाबा सपरीत, पुढच्या पडवीत, चरख्यावर सुताच्या कांड्या भरत बसले होते. नजर अधू झाल्यापासून माग सुटला, पण कांड्या ते बोटांनीच भरतात. मी खोकं त्यांच्यासमोर उघडलं. इतक्या वर्षांत त्यांनी यातल्या एकाही पॅडला हात लावला नव्हता. यंदा लावला. एक उचलून ते बराच वेळ दाबत राहिले.

"हे तं लिबलिबित हाये," ते म्हणाले. "असंच असते का हे?"

"हो बाबा. असंच असते."

"तवाबी असंच असन मंग." त्यांनी पॅड मांडीवर ठेवलं. "म्या कोनाले इचारलंच नाही. तुले इचारलं असतं, तं तू सांगतलं असतं. तुले मालूम असन. इचारलं नाही, तेच चुकलं माह्यावालं."

ते विसरले होते. त्या दिवसाचं ऊन, खळ, कुंचा सगळं त्यांच्याजवळ होतं, फक्त माझं उत्तर तेवढं गळून गेलं होतं. ते ऐकणारा एकच माणूस होता आणि त्याच्याकडेही ते आता नव्हतं. मी मोकळी झाले होते. उठून चहा ठेवला असता, तर विषय तिथंच संपला असता. आणि बाबा उरलेलं आयुष्य असं समजत राहिले असते, की त्यांनी पोरीला साधं विचारलंसुद्धा नाही.

"इचारलं होतं, बाबा," मी म्हणाले. "मले इचारलं होतं तुम्ही."

चरखा थांबला. "मंग? तू काय म्हनली?"

"बराबर राहीन म्हनलं."

"तुले मालूम नव्हतं?"

"मालूम होतं. रश्मीनं दोनदा सांगतलं होतं."

काहून, हे त्यांनी विचारलं नाही. मीच सांगितलं. "जळत होती मी तिच्यावर. अजूनबी जळते."

त्यांनी चरखा पुन्हा सुरू केला. एक कांडी अर्धी भरली असेल. समोरच्या मैदानातून शिट्टीचा आवाज येत होता आणि मी लहानपणी बसायची तशी उंबऱ्यावर बसले होते. मग ते थांबले.

"तिले सांगतलं का?"

"नाही."

"लाव फोन."

रश्मीनं उचलला. मागं यंत्राचा धप्प आवाज. "बोल गोधडे. भेटलं पार्सल?"

मी सांगितलं. सजवून काही सांगता येत नव्हतं, चार वाक्यांत संपलं. पलीकडे यंत्र आणखी दोनदा आपटलं, मग कोणीतरी ते बंद केलं असावं.

"काकाजीले सांगतलं का हे?" तिनं विचारलं.

"आत्ताच."

"एवढे वर्षं ते मले माफी मांगून राहिले, अन् तू फोन लावून देत होती." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "तुयाशी मंग बोलते मी. आज नाही. त्यायले दे फोन."

मी फोन बाबांच्या कानाशी धरला. त्यांनी तो माझ्या हातून घेतला आणि नीट बसले. मी वाट पाहत होते त्या नेहमीच्या वाक्याची. ते आलं नाही. "बाई," ते म्हणाले, "गुडघा कसा हाये?" आणि मग थंडीत दुखतो का, तेल कोणतं लावते, जिना चढता येतो का, असं सुरू झालं. त्यांची पाठ भिंतीला टेकली होती. या मोसमात त्यांची पाठ अशी टेकलेली मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

मी चरखा ओढून घेतला आणि त्यांची अर्धी राहिलेली कांडी भरू लागले. बोलणं काही संपेना. ते हसले, तीही हसली असावी. मी कान देऊन ऐकत होते. एवढं सगळं होऊनही मला वाटत होतं, की या दोघांनी एकदा तरी माझं नाव घ्यावं.